आधी उतार, मग ट्रिगर: कोलोराडोच्या उभ्या डोंगरात गाईडबरोबर एल्कची शिकार

दरवर्षी मार्चच्या सुमाराला ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "ताई, यंदा एल्कच्या शिकारीला जायचंय. रायफल कोणती घेऊ?" मी उलट विचारते, "पाठीवर २० किलो घेऊन तोरण्याच्या बिनी दरवाजातून वेल्ह्याला उतरायचं झालं, तर तुझे गुडघे काय म्हणतील?" समोर थोडा वेळ शांतता असते. मला खरोखरच तिथून सुरुवात करायची असते. एल्कला गोळी घालणं हे या कामातलं सगळ्यात छोटं काम आहे. ते जनावर जिथे पडतं तिथून त्याचं मांस खराब न होऊ देता खाली आणणं हे खरं काम, आणि उभ्या डोंगरात त्याचा विचार गोळीच्या आधी करावा लागतो.

मी मूळची वेल्ह्याकडची. १५ वर्षं डेन्व्हरला राहते, पुलांच्या डिझाइनचं काम करते. एल्कचे पाच हंगाम केले, त्यातले पहिले तीन गाईडबरोबर. तिन्ही वेळा कोलोराडोच्या नैऋत्येला, सॅन हुआन डोंगरांतल्या वेमिनूच विल्डरनेसमध्ये, म्हणजे केंद्राने मूळ स्थितीत राखलेल्या रानात, क्रीड गावाच्या बाजूने. खाली लिहिते आहे ते त्या तीन हंगामांतलं.

एल्क म्हणजे काय ते आधी सांगते, कारण भारतातून येणारे आपल्या सांबरावर अंदाज बांधतात. एल्क हे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण, काश्मीरचा हंगुल हा त्याचा जवळचा नातलग. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. कोलोराडोत आज अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, अमेरिकेच्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र बेसुमार शिकारीने इथले कळप संपत आले होते, आणि वायोमिंगहून एल्क आणून सोडावे लागले. आजचे परवाने, कोटे, हंगामाच्या तारखा या सगळ्यामागे तो अनुभव आहे. परवान्याचे पैसे राज्याच्या वन्यजीव खात्याला जातात. बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर असतो, तोही १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे राज्यांच्या वन्यजीवांच्या कामाला जातो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती बंदच असावी असं मला मनापासून वाटतं. इथली व्यवस्था वेगळी आहे. तिच्यात उतरायचं तर तिचे नियम अक्षरशः पाळायचे.

कागदपत्रं

१ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. हा कोर्स हिवाळ्यातच उरकून घ्या. परवाने कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ देतं, आणि चांगल्या भागांचे परवाने सोडतीने मिळतात. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. शिंगाळ्या नराच्या परवान्यासाठी काही भागांत वर्षानुवर्षं प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे सोडतीत अग्रक्रम देणारे गुण, साठवावे लागतात. मादीचा परवाना बहुतेक ठिकाणी सहज मिळतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने मादीचाच अर्ज करावा असं माझं ठाम मत आहे. मांस उत्तम असतं, आणि शिंगांच्या मोहाने नको तिथे गोळी टाकायची घाई होत नाही. नर घेतलात तर आणखी एक नियम लागतो: राज्याच्या पश्चिमेकडच्या बहुतेक भागांत एका बाजूच्या शिंगाला निदान चार टोकं हवीत, किंवा कपाळावरची फांदी पाच इंच हवी. हे अंधूक उजेडात दुर्बिणीतून मोजायचं असतं.

सलग सहा महिने कोलोराडोत राहिलेल्याला रहिवाशाच्या दराने परवाना मिळतो, तो १०० डॉलरच्या आत बसतो. बाहेरच्याला नराचा परवाना ८०० डॉलरच्या पुढे पडतो.

आता आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुणी सांगत नाही. तुम्ही एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तुम्हाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे परवाना आधी, मग बंदुकीला हात. मित्राची रायफल रेंजवर "जरा बघतो" म्हणून उचलणंसुद्धा परवान्याशिवाय नको. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. तुमचं इथलं राहणंच त्यावर अवलंबून आहे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही.

गाईड कसा निवडायचा

कोलोराडोत शिकारीला गाईड सक्तीचा नाही. शेजारच्या वायोमिंगमध्ये परराज्यातल्या माणसाला केंद्राच्या विल्डरनेसमध्ये मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी तो लागतोच. तरीही पहिली दोन-तीन वर्षं मी गाईडचाच आग्रह धरेन. वेमिनूच सुमारे पाच लाख एकरांचं आहे, विल्डरनेस असल्यामुळे तिथे इंजिन चालत नाही आणि चाकही चालत नाही, अगदी सायकल किंवा हातगाडीसुद्धा. जे काही आत जाईल आणि बाहेर येईल ते माणसाच्या नाहीतर घोड्या-खेचरांच्या पाठीवरून. तुमच्याकडे खेचरं नसतील तर आउटफिटरकडे, म्हणजे गाईड, जनावरं आणि कॅम्प पुरवणाऱ्या व्यावसायिकाकडे, असलेली बरी.

आउटफिटरची राज्याकडे नोंदणी आहे का आणि त्या जंगलात धंदा करायचा फॉरेस्ट सर्व्हिसचा परवाना त्याच्याकडे आहे का, हे दोन्ही बघायचं. दोन्ही क्रमांक मागा. चांगला माणूस ते न कुरकुरता देतो. मग प्रश्न विचारा. एका गाईडमागे किती शिकारी? मी एकास एकच घेते, उभ्या डोंगरात दोन शिकाऱ्यांचा वेग कधीच जुळत नाही. जनावर पडल्यावर कापतो कोण, वाहतो कोण, खेचरं त्या जागेपर्यंत येतात की पायवाटेपर्यंतच? कुणी जायबंदी झालं तर काय करता? आणि ज्यांना मागच्या वर्षी काहीच मिळालं नाही अशा दोन गिऱ्हाइकांशी बोलायला मिळेल का? हा शेवटचा प्रश्न मला फार उपयोगी पडला. ज्याला एल्क मिळाला तो सगळ्यांचंच कौतुक करतो. रिकाम्या हाताने परतलेला माणूस जेवण, घोडे, गाईडचा स्वभाव यांबद्दल खरं सांगतो.

पाच-सहा दिवसांच्या पूर्ण गाईड असलेल्या शिकारीला पाच हजार डॉलर सहज लागतात, बऱ्याचदा जास्तच. शेवटी गाईडला आणि कॅम्पच्या स्वयंपाक्याला वेगळी टिप द्यायची रीत आहे. ती रक्कम आधीच पाकिटात घालून ठेवा.

शरीर

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. डेन्व्हर शहरच १,६०९ मीटरवर आहे. आमचा कॅम्प ३,१०० मीटरवर होता आणि पहाटे तिथून वर चढायचं होतं. हा हिशोब एकदा नीट मनात उतरू द्या. सह्याद्रीत वाढलेल्यांना चढाची सवय असते, विरळ हवेची नसते. माझ्या पहिल्या हंगामात दुसऱ्या रात्री डोकं असं ठणकलं की अन्न नकोसं झालं. तेव्हापासून हंगामाच्या आधीचे दोन दिवस मी क्रीडमध्ये काढते, ते गाव साधारण २,७०० मीटरवर आहे. भरपूर पाणी पिते, त्या दोन दिवसांत वाइनचा घोटही घेत नाही. मुंबई-पुण्याहून किंवा ह्यूस्टनसारख्या सपाट शहरातून येणार असाल तर उंचीवर होणाऱ्या त्रासाच्या औषधी गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला किंवा बसल्याबसल्या धाप लागली, तर शिकार तिथेच थांबवून खाली उतरायचं.

तयारी मे महिन्यात सुरू करा. मी डेन्व्हरजवळच्या रेड रॉक्स या खुल्या नाट्यगृहाच्या पायऱ्या करते, आणि महिन्यातून एकदा मॅनिटू इन्क्लाइन. तिथे अडीच हजारांहून जास्त पायऱ्या आहेत, मैलभराच्या आत सुमारे २,००० फूट चढ. सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून १० किलोपासून सुरुवात करते आणि सप्टेंबरपर्यंत २० वर जाते. सगळे जण चढाची तालीम करतात. तुम्ही उतरणीची करा. ओझं घेऊन उतरताना मांडीचा पुढचा स्नायू थरथरायला लागतो, पाय वाकडा पडतो, आणि डोंगरातले अपघात बहुतेक तेव्हाच होतात.

घोड्यावर कधी बसला नसाल तर पाच-सहा धडे घ्या. ट्रेलहेडपासून, म्हणजे पायवाट सुरू होते तिथून, कॅम्पपर्यंत आम्ही चार तास खोगिरावर होतो. उतरल्यावर मांड्या आवळून येतात. रिकिबीत पाय टाचेपर्यंत घुसवायचा नाही, नुसता चवडा टेकवायचा, म्हणजे घोडा पडला तर पाय सुटतो. अरुंद वाटेवर लगाम ओढत बसू नका. ते जनावर ती वाट तुमच्यापेक्षा चांगली ओळखतं.

रायफल

फोन करणाऱ्यांचा प्रश्न शेवटी आलाच. कोलोराडोत एल्कसाठी निदान .२४ कॅलिबरची रायफल आणि ८५ ग्रेन (सुमारे साडेपाच ग्रॅम) वजनाची गोळी हा कायद्याचा किमान दंडक आहे. .३०-०६, .३०८, .२७०, यांतली कुठलीही चालते. जी तुम्हाला खांद्याला न घाबरता चालवता येते ती घ्या. माझी .३०८ आहे. उन्हाळ्यात रेंजवर टेबलावरून झिरो करून, म्हणजे गोळी नेमाच्या जागीच बसेल असं जुळवून झालं की टेबल सोडा. बसून, सॅकवर टेकून, काठ्यांच्या आधाराने, आणि २० उठाबशा काढून धापा टाकत असताना मारून बघा. त्या अवस्थेत थाळीएवढ्या वर्तुळात दहापैकी दहा गोळ्या जिथपर्यंत बसतात, ते तुमचं अंतर. माझं २५० यार्ड आहे. गाईडला हा आकडा पहिल्याच संध्याकाळी सांगा, आणि डोंगरात तो वाढवू नका.

उतारावर एक गोष्ट फसवते. गोळी किती खाली येते ते तिरक्या अंतरावर ठरत नाही, आडव्या अंतरावर ठरतं. ३१० यार्डांवरचं जनावर ३० अंश खाली असेल तर गोळीच्या हिशोबाला ते साधारण २६८ यार्डांवर आहे. वर मारा नाहीतर खाली मारा, गणित तेच. तिरक्या अंतराने नेम धरला तर गोळी वरून जाते. कोन धरून अंतर सांगणारा रेंजफाइंडर घ्या.

आता माझी चूक. दुसऱ्या हंगामात कॅम्पवर पोचल्यावर गाईडने सुचवलं, की एकदा कागदावर दोन गोळ्या मारून बघ. वाटेत घोडा एका ओंडक्याला घासून गेला होता, आणि रायफल त्याच बाजूच्या म्यानात होती. आवाजाने एल्क बिथरतील म्हणून मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी १९० यार्डांवरची मादी, शांत उभी, आणि माझी गोळी चुकली. तिला काही झालं नसावं असं वाटत असूनही आम्ही दीड तास त्या उतारावर रक्ताचा ठिपका, कापलेला केस शोधत होतो. मिळालं नाही. दुपारी खाली येऊन कागदावर मारलं तर १०० यार्डांवर सात इंच उजवीकडे. स्कोप, म्हणजे रायफलवरची नेमाची दुर्बीण, हलला होता. ती गोळी पोटात लागली असती तर ते जनावर रात्रभर तडफडलं असतं, आणि त्याला कारण माझा आळस असता. तेव्हापासून घोड्यावरून उतरलं की कागद लावते. घोड्यावर असताना चेंबर रिकामं ठेवायचं, हे वेगळं सांगायला नको.

नारिंगी कपडे कायद्याने लागतात: कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी, आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी. एल्कला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, तेव्हा चिंता नको. सुती कपडा एकही नको, आतला बनियनसुद्धा नको. घाम थंडीत गार पडतो. लोकरीचे आतले कपडे, मोडून मऊ केलेले बूट, दोन हेडलॅम्प, उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र. माझ्या सॅकमध्ये मेतकूट-भात आणि भाजक्या शेंगदाण्यांची चिक्कीही असते.

डोंगर वाचणं

इथे सह्याद्रीचे शब्द उपयोगी पडतात. धार, सोंड, खिंड, घळ, पदर, घसारा, हे सगळं वेमिनूचमध्ये आहे, फक्त तिपटीने मोठं आणि ऑक्टोबरात बर्फाखाली. पहिला रायफल हंगाम ऑक्टोबरच्या मध्यावर असतो, पाच दिवसांचा, फक्त एल्कसाठी. माजाचा काळ सप्टेंबरात सरलेला असतो, तरी एखादा नर पहाटे साद घालतो. ती लांब, चढत जाणारी शिट्टी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी चालायची थांबले.

रात्री एल्क उघड्या कुरणात चरतात. उजाडलं की दक्षिणेच्या गवताळ उतारावरून उत्तरेच्या दाट स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) रानात शिरतात आणि कुठल्यातरी पदरावर, म्हणजे उतारावरच्या सपाट टप्प्यावर, बसतात, असा पदर की मागून वारा येईल आणि समोर खालचा उतार दिसेल. नकाशावर उत्तर उतारावर जिथे उंचीच्या रेषा जरा दूर दूर होतात तो पदर. घरी बसून असे सात-आठ पदर खुणा करून ठेवा. गाईडला ते माहीत असतातच, पण तुम्हालाही माहीत असले म्हणजे तो काय करतोय ते कळतं.

वाऱ्याबद्दल गाईड बोलेल तितकं कमीच. पहाटे थंड हवा जड होऊन ओढ्याच्या वाटेने खाली वाहते. ऊन उतारावर पडलं की तासाभरात वारा फिरतो आणि वर जायला लागतो, संध्याकाळी सावली आली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे खालून वर जायचं, ऊन तापलं की वर पोचलेलं असायचं आणि आडवं किंवा वरून खाली यायचं. फिरत्या वाऱ्याचा तो मधला अर्धा तास बसून काढायचा. आमचा गाईड खिशात बारीक पावडरची बाटली ठेवायचा आणि दर पंधरा पावलांना उडवायचा. त्याचं एक वाक्य मी पाठ केलंय: "एल्क डोळ्यांवर शंका घेतो, कानांवर दोनदा विचार करतो, नाकावर लगेच विश्वास ठेवतो."

आडव्या उतारावर चालताना वरच्या बाजूची काठी आखूड करा आणि पायाची कड बर्फात रोवा. नाकाने श्वास घेता येईल इतकाच वेग. घाम फुटायच्या आधी जाकीट काढायचं, थांबल्याबरोबर घालायचं. या भागात स्प्रूसच्या किड्याने मैलोन्मैल झाडं मारली आहेत, आणि २०१३ च्या मोठ्या वणव्यात बरंच जंगल जळलं. त्यामुळे खाली आडवे ओंडके आणि वर उभी मेलेली झाडं. ओंडक्यावर पाय ठेवून जाऊ नका, ओलांडून जा; साल सुटून येते. वारा सुटला की मेल्या झाडांच्या राईतून बाहेर पडा. अस्वलांपेक्षा मला त्या झाडांची भीती जास्त वाटते.

पडली तर कुठे पडेल?

पहिल्या हंगामाच्या पहिल्या सकाळी, सूर्योदयाआधी अर्ध्या तासाने कायदेशीर वेळ सुरू होते, त्यानंतर वीस मिनिटांत घळीच्या पलीकडे एक मादी दिसली. २४० यार्ड, आडवी उभी. रायफल सॅकवर टेकली होती, श्वास जागेवर होता. गाईड कानाशी येऊन हळू म्हणाला, "पडली तर कुठे पडेल?" मी स्कोपमधून नजर काढली आणि तिच्या पायांखाली बघितलं. ती घळीच्या ओठावर होती. खाली घसारा, त्याखाली शंभरेक फुटांचा कडा, त्याखाली गोठलेला ओढा. पडली असती तर हाडं मोडून, मांस फुटून अशा जागी पोचली असती की दोरांशिवाय जाता आलं नसतं. मी बोट बाहेर घेतलं. ती अजून दोन मिनिटं उभी राहिली आणि चालत गेली.

त्या दिवशी मी खूप नाराज होते. आज तो प्रश्न मी प्रत्येक वेळी स्वतःला विचारते, आणि गाईडने विचारला नाही तर मोठ्याने विचारते. गोळी लागल्यावर एल्क शंभर यार्ड सहज पळतो, तेव्हा शंभर यार्ड सगळीकडे बघायचं. मग घड्याळ: अंधार पडायला किती वेळ आहे, खेचरं कुठपर्यंत येतील, आपण दोघं किती खेपा करू.

जागा चांगली असेल, जनावर आडवं किंवा किंचित पलीकडे वळलेलं असेल, मागे दुसरं जनावर नसेल, तरच. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेने वर, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. तिथे हृदय आणि फुप्फुसं. डोक्यावर, मानेवर, तोंड आपल्याकडे असताना, पळताना, कधीच नाही. गोळी झाडल्यावर लगेच दुसरी भरा आणि स्कोपमधून बघत राहा. ती जिथे उभी होती आणि जिथे दिसेनाशी झाली, ती दोन झाडं मनात पक्की करा. पडलेली दिसली नाही तर निदान अर्धा तास हलू नका.

पहिल्या हंगामात चौथ्या दिवशी सकाळी एका रुंद पदरावर १७० यार्डांवर मला मादी मिळाली. चाळीस पावलं गेली आणि बसली. जवळ गेल्यावर मी हातमोजा काढून तिच्या मानेवर हात ठेवला. गावच्या जत्रेत बकऱ्याच्या पाया पडणारी माझी आजी आठवली. गाईड टोपी काढून बाजूला उभा राहिला, त्याने घाई केली नाही.

मांस

आधी परवान्याचा टॅग भरून सही करा, मग फोटो. त्यानंतर सुरी, आणि वेळ घालवू नका. एल्कची कातडी जाड, मांडीच्या हाडाजवळची ऊब बाहेर निघत नाही आणि बर्फातसुद्धा मांस आतून आंबतं. उतारावर असाल तर पाय दोरीने वरच्या झाडाला बांधा, नाहीतर अर्धं काम झाल्यावर जनावर घसरतं.

आम्ही पोट न फाडता कापतो. एका कुशीवर ठेवून पाठीच्या कण्यावरून शेपटीपासून मानेपर्यंत कातडी चिरायची आणि खाली सोलत आणायची. पुढचा पाय उचलून धरला की आतून सुरीने सुटतो, तिथे हाडाचा सांधा नाहीच. मागच्या पायाला खुब्याची वाटी शोधावी लागते. एकदा सापडली की पाय हातात येतो. मग कण्यालगतची लांब पट्टी, मान, बरगड्यांवरचं मांस. शेवटच्या बरगडीमागून हात घालून आतली कवळी पट्टी. मग दुसरी कूस. कायद्याने चारही पाय, पाठीच्या पट्ट्या आणि आतल्या पट्ट्या आणाव्याच लागतात. मान आणि बरगड्या मी स्वतःहून आणते. खिमा त्याचाच उत्तम होतो. मादी असल्याचा पुरावा म्हणून कासेचा भाग एका पायाला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच ठेवायचा, हे पहिल्यांदा जाणारे विसरतात.

प्रत्येक तुकडा जाळीदार कापडी पिशवीत. प्लॅस्टिक नको, आत वाफ धरते. सावलीत फांदीवर, चारी बाजूंनी हवा लागेल असं टांगा. आतड्यांपासून दूर, कारण रात्री अस्वल किंवा कोल्हे आधी तिकडेच येतात. माझ्या मादीपासून बिनहाडाचं ६१ किलो मांस मिळालं. पदरापासून वाटेपर्यंत दीड किलोमीटर, आमच्या दोघांच्या दोन-दोन खेपा, पुढे खेचराने. खेचरावर दोन्ही बाजूंचं वजन सारखं लागतं. स्वयंपाक्याने ते हातातल्या ताणकाट्यावर तोलून बांधलं. उतरताना माझ्या पाठीवर १८ किलो होतं आणि मेपासूनची प्रत्येक पायरी त्या दीड किलोमीटरात कामी आली.

कोलोराडोत हरणांच्या मेंदूचा एक रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावर खाऊ नये असा आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. डोकं तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवा आणि कुणाला वाटू नका. विकायचं तर कधीच नाही. रानातलं मांस विकणं इथे गुन्हा आहे. वाटायला मात्र हरकत नाही. आमच्याकडे निकाल आला की सात घरी वाटे जातात.

स्वयंपाकात एवढंच लक्षात ठेवा, की या मांसाला चरबी जवळजवळ नसते. वरचा चंदेरी पापुद्रा आणि जी काही पांढरी चरबी असेल ती काढून टाका, तिला वास असतो. पाठीची पट्टी तापल्या लोखंडी तव्यावर मीठ-मिरी लावून दोन-दोन मिनिटं, मध्ये लाल राहिली पाहिजे. तिला मसाल्यात शिजवलं तर चामडं होतं. खांदा आणि नळ्या मात्र आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला जन्मलेल्या आहेत. बोकडापेक्षा दोन पळ्या तेल जास्त घाला, कुकरला मंद आचेवर पाऊण तास, आणि पाकिटावर भाग, तारीख आणि तपासणीचा निकाल लिहूनच फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे जानेवारीत नळी समजून पाठीची पट्टी कुकरात जायची नाही.